पर्वरीतली थाळी, तिचं बिल आणि गालम्याची किसमूर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा आमच्या खाणावळीचे दिवस आठवले.

नंतर येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. प्रश्न विचारणारे पुण्याहून बदली होऊन गोव्यात पर्वरीला आले, नवरा-बायको दोघंही नोकरीला. जुलैमधल्या एका रविवारी फिश थाळी खायला गेले. इसवण (म्हणजे तुमची सुरमई) म्हणून जो तुकडा आला तो इसवण नव्हता असा त्यांना संशय. सोलकढी खोडरबराच्या रंगाची. बिलात न विचारता 10 टक्के सर्व्हिस चार्ज. घरी येऊन रागाच्या भरात त्यांनी हॉटेलच्या पानावर लिहिलं, त्यात ‘चोर’ हा शब्द होता. दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन, ‘केस करीन’. आता त्यांचं विचारणं असं की, लिहिलं ते चुकलं का, आणि स्वयंपाकाचा फार सराव नसलेल्या दोन माणसांना साधं गोव्याचं जेवण घरी जमेल का?

मी मूळची वेंगुर्ल्याची. लग्न होऊन फोंड्याला आले त्याला तीस वर्षं होतील. त्यातली नऊ वर्षं दिरांनी आणि मी मिळून खाणावळ चालवली. म्हणजे शिव्या घातल्याही आहेत आणि खाल्ल्याही आहेत.

तुमच्या रागात दोन राग मिसळलेत, ते आधी वेगळे करा. एक फसवणुकीचा: माशाचं नाव खोटं, बिलात न मागितलेली रक्कम. तो अगदी रास्त. दुसरा, ‘गोव्यात येऊन गोव्याची चव मिळाली नाही’ हा. तो हॉटेलवाल्यावर काढून उपयोग नाही, कारण तुम्ही जी चव शोधताय ती हॉटेलात फारशी नसतेच. तिरफळ घातलेलं हुमण (माशाचा नारळाच्या वाटणाचा रस्सा) सकाळी करून दुपारी खावं, उरलेलं रात्री आटवावं, तेव्हा ते चवीला लागतं. दुपारी बारा ते तीन दोनशे पानं वाढणाऱ्या स्वयंपाकघरात एकच मोठं पातेलं रस्सा असतो आणि मागाल तो मासा त्यात सोडून देतात. आम्हीही तेच करायचो. बांगड्याचं वाटण वेगळं, सुंगटांचं (कोळंबीचं) वेगळं, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) वेगळं, हे घरी चार माणसांसाठी जमतं.

त्यात तुम्ही गेलात जुलैत. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्याची बंदी 15 एप्रिलला लागते आणि 14 जूनला उठते. म्हणजे जुलैत गोव्याच्या ताटात बरीचशी मासळी येते ती तिकडून बर्फात, नाहीतर शीतगृहातून. 2018 च्या जुलैत माशांवर फॉर्मलिन (प्रेतं टिकवायचं रसायन) असल्याचा गाजावाजा झाला आणि सरकारने परराज्यातली मासळी काही दिवस बंद केली, तेव्हा आपण किती मासे बाहेरून आणतो ते अनेकांना पहिल्यांदा कळलं. जुन्या घरांत पावसात ताज्या समुद्री माशांचा हट्ट कोणी धरत नाही. नदीचे शेवटे नाहीतर काळुंद्र मिळाले तर ठीक, मानशीवरच्या (खाजणाच्या बांधाच्या दारावरच्या) कुर्ल्या, नाहीतर मे महिन्यात भरून ठेवलेलं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, काढायचं. सुका बांगडा, सुकी सुंगटं, गालमो (तुमच्याकडचा जवळा), सोलं (कोकम), मिरच्या. रानात टायकिळा, फागलां, अळू या भाज्या येतात ते वेगळंच. (अळमी, म्हणजे रानातली अळंबी, आली की भाव विचारू नका. पानात बांधलेल्या मूठभर अळम्यांना जो दर सांगतात त्यात आठवड्याचं नुस्तं (मासळी) येतं.)

जुलैत ‘ताजी इसवण’ असा फलक दिसला की निदान एवढं विचारावं, कुठून आली? उत्तर देताना वेटर मालकाकडे बघू लागला तर भाजी-पाव खाऊन उठावं. इसवणीच्या जागी मोडसो वाढणं नवीन नाही. तोही चांगलाच मासा, पण रव्यात घोळवून तळला की भल्याभल्यांना कळत नाही, आणि भाव इसवणीचा लावतात. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये नुसतं ‘फिश फिले’ लिहिलेलं असेल तर तो बासा, म्हणजे बाहेरून येणारा स्वस्त गोठवलेला मासा, असण्याचीच शक्यता जास्त. पाहुणे असोत वा नसोत, तुकडा काट्यासकट मागा. कातडी आणि मधला काटा असला की लपवाछपवी कठीण होते.

सोलकढीचं म्हणाल तर नारळाचा ताजा रस आणि सोलांचं पाणी यांची कढी फिकट गुलाबी, जराशी जांभळट दिसते आणि ठेवून दिली की वर रस, खाली पाणी अशी फुटते. तुमची दोन तास टेबलावर राहूनही एकजीव होती, यावरून काय ते समजा.

आता बिल. दोन थाळ्या 900, त्यावर 10 टक्के म्हणजे 90, आणि मग 990 वर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 49 रुपये 50 पैसे. एकूण 1039.50. बघा, सर्व्हिस चार्जवरही कर लागला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालायचा नाही, दुसऱ्या नावानेही नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, पण 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. तेव्हा काउंटरवर शांतपणे ‘हे काढा’ म्हणायचं. काढत नसतील तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पाच टक्के जीएसटी मात्र द्यायचाच, त्यावर वाद घालणारे लोक मी पाहिलेत. माशाच्या किंवा स्वच्छतेच्या तक्रारीसाठी अन्न व औषध प्रशासन. त्यासाठी बिल जपून ठेवा, बिलावर 14 आकडी परवाना क्रमांक असायला हवा. तो नसेल तर तीच पहिली तक्रार.

लिहिलं ते चुकलं का? लिहिलंत हे बरोबर, ‘चोर’ लिहिलंत ते काढा. मी वकील नाही, पण बदनामीचं कलम भारतीय न्याय संहितेत 356 वं आहे आणि त्यात लोकहितासाठी खरं लिहिणाऱ्याला जागा ठेवलेली आहे. ‘अमुक तारखेला दुपारी दीड वाजता इसवण थाळी मागितली, तुकडा इसवणीसारखा लागला नाही, विचारल्यावर उत्तर मिळालं नाही, बिलात न विचारता 90 रुपये लावले’, हे घडलेलं आहे आणि तुमच्या हातात बिल आहे. ‘चोर’ म्हटलं की सिद्ध करायचं ओझं तुमच्या डोक्यावर. फोन करणाऱ्या मालकालाही एवढंच सांगा: शब्द बदलतो, हकीकत बदलत नाही. बहुतेक वेळा गोष्ट तिथेच मिटते.

आमच्या खाणावळीबद्दल एकदा एकाने लिहिलं होतं. ‘बुधवारी पावणेतीनला गेलो, कढी पाण्यासारखी होती, विचारलं तर बाई म्हणाल्या अशीच असते.’ त्या बाई म्हणजे मी. दिवस आणि वेळ वाचली आणि पोटात खड्डा पडला, कारण त्या बुधवारी नारळ संपले होते आणि मी खरंच उरलेल्या कढीत दोन तांबे पाणी ओतलं होतं. त्याने ‘भिकार हॉटेल’ असं लिहिलं असतं तर मी दोन दिवस चरफडले असते आणि विसरले असते. त्या दिवसापासून कढी संपली की फळ्यावरचं नाव पुसायचं, असं ठरलं. अडीचनंतर कढी मागणाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण पाणी पुन्हा घातलं नाही.

असो. आता जेवणाकडे, तुमच्या प्रश्नातला मला आवडलेला भाग.

जुलै संपेपर्यंत ताजा मासा सोडा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जा, तुम्हाला पर्वरीहून जवळ आहे. अर्धा किलो उकडे तांदूळ, पाव किलो गालमो, सोलं, दोन नारळ, मूठभर सुक्या मिरच्या. काणकोणकडच्या खोल्याच्या मिरच्या मिळाल्या तर घ्या. 2019 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालंय आणि तेव्हापासून कुठलीही लाल मिरची ‘खोला’ म्हणून विकतात, तेव्हा माहितीच्या बाईकडूनच. सोलं घेताना दाबून बघा, जराशी मऊ आणि काळी हवीत. कडक, फिकट असतील ती जुनी.

पेज: वाटीभर उकडे तांदूळ रात्री भिजत घाला. सकाळी सहा वाट्या पाणी, कुकरला सहा-सात शिट्या, मग मीठ. दाणा मऊ पण अख्खा राहायला हवा. खिमट झालं तर शिट्या कमी करा. प्रत्येक कुकरचा स्वभाव वेगळा, दोनदा चुकेल.

किसमूर (सुक्या मासळीची कोरडी कोशिंबीर): वाटीभर गालमो चाळणीवर घोळून वाळू काढा. ही पायरी गाळलीत तर पुढचं सगळं फुकट. मंद आचेवर कोरडाच भाजा, चार-पाच मिनिटं, बोटांनी मोडला की ‘कट’ आवाज यायला हवा. गार करून हलकेच चुरडा. कांदा अगदी बारीक चिरून मिठाने चोळा, पण मीठ हात राखून, गालमो खारट असतो. त्यात अर्धी वाटी ओलं खोबरं, चमचाभर मिरचीपूड, दोन सोलं भिजवून कुस्करलेली, वरून चमचाभर खोबरेल. गालमो अगदी ताटावर बसताना मिसळा. आधी मिसळून ठेवली तर कुरकुरीतपणा जातो आणि मग ‘जमलं नाही’ म्हणून मलाच लिहाल.

याच्याबरोबर फुटी कढी. सात-आठ सोलं दोन भांडी पाण्यात अर्धा तास, कुस्करून गाळायचं, दोन लसूण पाकळ्या आणि एक हिरवी मिरची ठेचून, मीठ, चिमूटभर साखर, हिंग, कोथिंबीर. नारळ लागत नाही, रंगही घालावा लागत नाही. नवऱ्याला हे काम द्या, बिघडवायला काही नाही त्यात.

हे सगळं, तांदूळ भिजवलेले असतील तर, ऑफिसमधून आल्यावर पाऊण तासात होतं. आठवड्यातून तीनदा हेच खाल्लंत तरी चालेल, आम्ही खातोच.

होड्या 1 ऑगस्टपासून जातील. पहिले काही दिवस भाव उतरायची वाट बघा, मग चार मध्यम बांगडे आणा. कल्ले लाल, डोळा फुगीर, बोट दाबलं की खड्डा राहता कामा नये. तिथेच कापून घ्या, घरी शिकायच्या भानगडीत पडू नका. अर्धा नारळ, सात-आठ मिरच्या, चमचाभर धणे, पाव चमचा हळद, लिंबाएवढी नाही, सुपारीएवढी चिंच, हे गंधासारखं वाटा. मिक्सरला तीनदा थांबून फिरवा, घाई केली तर खोबरं दाताखाली येतं. वाटण पातळ करून उकळा. सहा-सात तिरफळं, आतली काळी बी काढून, पाण्यात भिजवून जराशी ठेचून टाका. वाटू नका. या हुमणात आमच्याकडे कांदा नसतो, तिरफळाशी त्याचं पटत नाही. मग मीठ लावलेले बांगडे सोडा, पाच-सात मिनिटं. चमचा घालायचा नाही, भांडं दोन्ही हातांनी धरून गोल हलवायचं. गॅस बंद करून वर कच्चं खोबरेल.

आणि सगळं एका बैठकीत संपवू नका. दोन तुकडे आणि रस्सा मातीच्या कुंडल्यात ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी मंद आचेवर आटवा, तळाला जरा लागेपर्यंत. ही कालची कोडी. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) पों-पों आवाज आला की खाली धावत जाऊन दोन पोया घ्यायच्या (तुमची पुण्याची पोळी वेगळी, ही कोंड्याची फुगलेली) आणि त्यात बुडवून खायच्या.

एक राहिलं. गालमो भाजताना स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा आणि दरवाजा घट्ट लावा. तुमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर कोणी शिवराक (शाकाहारी) राहत असेल तर सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार येईल, तीही वेळ आणि मजला लिहून.