हात म्हणजे ‘हँड’ की ‘आर्म’? इंग्रजीतून योग शिकवताना

प्रश्न : मी आठ वर्षं मराठीतून योगवर्ग घेते. आता परदेशातल्या काही जणांसाठी इंग्रजीतून ऑनलाइन वर्ग सुरू करायचा आहे. इंग्रजी वाचता येतं, पण शिकवायला उभी राहिले की शब्द सुचत नाहीत. आधी संभाषणाचा क्लास लावू का? – एक वाचक, नाशिक

क्लास जरूर लावा, पण त्यासाठी वर्ग अडवून ठेवू नका. संभाषणाच्या क्लासमध्ये मुलाखत कशी द्यायची, हॉटेलात काय बोलायचं हे शिकवतात. ‘टाच जमिनीला दाबून ठेवा’ हे तिथे कुणी शिकवत नाही. तुम्हाला लागणारं इंग्रजी मोजकं आहे. अवयवांची चाळीसेक नावं, वीस-पंचवीस क्रियापदं आणि अप, डाउन, फॉरवर्ड, बॅक, इन, आउट अशा दिशा एवढ्यावर तासभराचा वर्ग निघतो. वाक्याचा साचाही एकच ठेवा : आधी क्रियापद, मग अवयव, मग दिशा. ‘प्रेस द लेफ्ट हील डाउन.’ ‘नाउ व्हॉट वी आर गोइंग टू डू इज’ अशी सुरुवात केली की क्रियापद येईपर्यंत ऐकणारा ताटकळतो आणि तुम्हीही वाक्यात अडकता.

अडचण शब्द कमी असण्याची नसते. आपल्या एका शब्दाला इंग्रजीत दोन शब्द असतात, तिथे गाडी अडते. आपला ‘हात’ खांद्यापासून बोटांपर्यंतचा. इंग्रजीत मनगटाच्या पुढे हँड, तर खांद्यापासूनचा लांब हात तो आर्म. तसंच पाय : घोट्याखाली फूट, वर लेग. बोटं हाताची असली तर फिंगर्स, पायाची असली तर टोज. ‘कंबर’ म्हणताना आपल्या मनात बहुतेक वेळा पाठीचा खालचा भाग असतो. तो लोअर बॅक. वेस्ट म्हटलं की समोरचा माणूस पट्टा बांधतो त्या जागेचा विचार करतो.

त्रिकोणासनात हे स्पष्ट दिसतं. सूचना अशा द्या : ‘स्टेप युवर फीट वाइड अपार्ट. टर्न युवर राइट फूट आउट. टर्न युवर लेफ्ट फूट स्लाइटली इन. रेझ युवर आर्म्स टू शोल्डर हाइट. एक्सहेल, रीच टू द राइट. प्लेस युवर राइट हँड ऑन युवर शिन. लिफ्ट युवर लेफ्ट आर्म अप.’ नडगीवर टेकतो तो हँड, वर जातो तो आर्म. इथे ‘राइट लेग आउट’ म्हटलंत तर नवा विद्यार्थी पाऊल वळवण्याऐवजी अख्खा पाय बाजूला सरकवेल, आणि तुम्हाला वाटेल की तो ऐकत नाही.

मराठीतून शब्दशः उचललेली काही वाक्यं मात्र आजच सोडा. ‘पाठीवर झोपा’चं ‘स्लीप ऑन युवर बॅक’ होत नाही. स्लीप म्हणजे झोप लागणं, म्हणून ‘लाय ऑन युवर बॅक’. ‘श्वास सोडा’ला ‘लीव्ह द ब्रेथ’ नव्हे, ‘ब्रीद आउट’. ‘ताण द्या’ म्हणायचं असेल तर स्ट्रेच. टेन्शन म्हणजे त्यांच्या लेखी काळजी किंवा आखडलेपणा, म्हणजे तुम्हाला नको असलेलंच. ‘पाय फाका’साठी ‘ओपन युवर लेग्ज’ ऐकायला अवघड वाटतं. ‘स्टेप युवर फीट अपार्ट’ म्हणा. ‘पोट आत घ्या’साठी ‘ड्रॉ युवर बेली इन’. ‘हळूहळू’चं ‘स्लोली स्लोली’ न करता एकदाच ‘स्लोली’ म्हणा, पण तेही हळू म्हणा.

तयारीसाठी तुमचा नेहमीचा एक वर्ग घ्या आणि त्यातल्या प्रत्येक आसनासाठी सहा-सात सूचना वहीत लिहा. मग स्वतः आसन करत त्या मोठ्याने म्हणा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिशी डोळे मिटून, फक्त आवाज ऐकून तेच आसन करा. जिथे तुमचंच शरीर घुटमळेल, ती सूचना बदला. नुसती पाठ केलेली सूचना वर्गात निसटते. हालचालीसोबत बसलेली सहसा निसटत नाही.

1937 साली योगगुरू बी. के. एस. अय्यंगार पुण्यात शिकवायला आले तेव्हा त्यांना मराठी येत नव्हतं आणि इंग्रजीही बेताचंच होतं. 1954 मध्ये ते युरोपात शिकवायला गेले. पुढे त्यांची पद्धत जगभर ओळखली गेली ती शरीराच्या बारीकसारीक, नेमक्या सूचनांसाठीच.

प्रश्न : सूर्यनमस्कार घेताना माझं वाक्य संपेपर्यंत विद्यार्थी पुढच्या स्थितीत पोहोचलेले असतात. मराठीत असं होत नाही. – एक वाचक, ठाणे

हिशेब करून पाहा. सावकाश श्वास चार-पाच सेकंदांचा. समजेल अशा गतीने बोललं तर सेकंदाला दोन शब्द. म्हणजे एका श्वासात फार तर आठ-दहा शब्द मावतात, आणि विद्यार्थ्याला ते ऐकून हलायलाही वेळ हवा. म्हणून चार-पाच शब्दांवर थांबा : ‘इनहेल, आर्म्स अप.’ ‘एक्सहेल, फोल्ड फॉरवर्ड.’ सूचना श्वास सुरू होण्याच्या किंचित आधी संपायला हवी. श्वास सुरू झाल्यावर सांगितलेली सूचना नेहमी एक पाऊल मागेच राहते.

पहिल्या दोन आवर्तनांत सगळं सविस्तर सांगा, संथ गतीने. तिसऱ्यापासून फक्त श्वास आणि स्थितीचं नाव. मधल्या शांततेची भीती बाळगू नका. ती भरायला आपण ‘ओके, सो, अँड देन’ पेरत जातो आणि खरी सूचना त्यात बुडते.

आणखी एक. इनहेल आणि एक्सहेल या दोन्ही शब्दांचा शेवट सारखा आहे. मोठ्या हॉलमध्ये किंवा खराब इंटरनेटवर नुसतं ‘हेल’ पोहोचतं. पहिल्या अक्षरावर जोर द्या, नाहीतर सरळ ‘ब्रीद इन’, ‘ब्रीद आउट’ वापरा.

प्रश्न : माझ्या मराठी वळणाच्या उच्चारांचं दडपण येतं. ते घालवता येईल का? – एक वाचक, कोल्हापूर

वळण घालवायची गरजच नाही. अर्थ बदलणारे थोडे उच्चार तेवढे सांभाळा. हील म्हणजे टाच, ऱ्हस्व केलं की हिल, म्हणजे टेकडी. हिप दीर्घ केलं की हीप, म्हणजे ढीग. ब्रेथ हे नाम, ब्रीद हे क्रियापद. ‘टेक अ डीप ब्रेथ’, पण ‘ब्रीद डीपली’. काही अक्षरं लिहितात पण उच्चारत नाहीत : पोटरीला काफ, तळव्याला पाम, अंगठ्याला थम, मनगटाला रिस्ट. स्पेलिंग वाचून ‘पाल्म’, ‘थम्ब’ म्हणायची सवय शाळेपासून लागलेली असते.

आसनांची नावं मात्र बिनधास्त संस्कृतात घ्या. पश्चिमोत्तानासन, वीरभद्रासन हे शब्द तुमच्या जिभेवर सहज बसतात. परदेशी विद्यार्थ्याला ते नीट ऐकायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. आधी संस्कृत नाव, लगेच इंग्रजी : ‘अधोमुख श्वानासन, डाउनवर्ड डॉग.’ कुणी अर्थ विचारला तर शब्द फोडून सांगा. अधो म्हणजे खाली, मुख म्हणजे तोंड, श्वान म्हणजे कुत्रा.

प्रश्न : ‘लिफ्ट’, ‘प्रेस’ असे सरळ हुकूम उद्धट वाटतात. प्रत्येक वेळी प्लीज म्हणावं का? आणि विद्यार्थ्याचा प्रश्न कळलाच नाही तर? – एक वाचक, पुणे

मराठीत ‘उचल’ आणि ‘उचला’ यांत आदराचा फरक आहे, म्हणून आपल्याला नुसतं ‘लिफ्ट’ म्हणजे ‘उचल’ वाटतं. इंग्रजी क्रियापदात तो फरकच नाही. आदर आवाजात असतो. दर सूचनेला प्लीज लावलं तर लय तुटते. प्लीज राखून ठेवा ते विनंतीसाठी. हात लावून आसन सुधारायचं असेल तर प्रत्येक वेळी आधी ‘मे आय अ‍ॅडजस्ट युवर शोल्डर?’ असं विचारा आणि होकार मिळाल्यावरच हात लावा.

प्रश्न कळला नाही तर मान डोलावू नका. विद्यार्थी कदाचित दुखण्याबद्दल सांगत असेल. ‘कुड यू से दॅट अगेन, स्लोली?’ म्हणा, तरीही नाही कळलं तर ‘शो मी व्हेअर’ म्हणा, तो बोट ठेवून दाखवेल. वर्ग सुरू होण्याआधीच ‘एनी इंज्युरीज? हाय ब्लड प्रेशर? ग्लॉकोमा? इज एनीवन प्रेग्नंट?’ हे विचारा, किंवा फॉर्मवर लिहून घ्या. ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू. ज्यांना तो आहे त्यांना शीर्षासनासारखी उलटी आसनं देऊ नका.

व्हिडिओ कॉलवर डावं-उजवं फसतं तेही सांगतो. स्वतःच्या पडद्यावर आपण सहसा आरशासारखे दिसतो, म्हणून सगळं बरोबर वाटतं. विद्यार्थ्याला मात्र तुमचा उजवा हात त्याच्या डाव्या बाजूला दिसतो. तेव्हा कॅमेऱ्याकडे तोंड असेल तर तोंडाने ‘राइट आर्म’ म्हणा आणि स्वतःचा डावा हात उचला. हे जमायला आठवडाभर सराव लागतो. तोवर कॅमेऱ्याकडे पाठ करून उभं राहून दाखवा.