वडिलांचा आजार मला होईल का?

प्रश्न : वडील यावलचे केळी उत्पादक, दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी, जळगावला डायलिसिस चालू. काकाही त्यातच गेले. मी २६ वर्षांचा, सोनोग्राफी नॉर्मल. वडिलांना किडनी देऊ का? लग्न ठरतंय; आई म्हणते, कुठे बोलू नको.

उत्तर : भाऊ, घाई नको. वडिलांचा आजार पॉलिसिस्टिक किडनीचा दिसतो, म्हणजे किडन्यांत पाण्याच्या गाठी होणारा आनुवंशिक आजार. त्यातला बिघाड बहुधा सोळाव्या गुणसूत्रावरच्या पीकेडी-१ किंवा चौथ्यावरच्या पीकेडी-२ जनुकात असतो. पीकेडी-१ असेल तर किडनी साधारणपणे लवकर थकते. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्यात हा बिघाड येण्याची शक्यता ५० टक्के. तिशीच्या आतली स्वच्छ सोनोग्राफी दिलासा देते, पुरती खात्री नाही. म्हणून किडनी देण्याआधी वडिलांची जनुक तपासणी करा, त्यात सापडलेला बिघाड मग तुमच्यात शोधता येतो. रक्तदाब आत्तापासून मोजत राहा. आईंची भीती मला कळते, पण मुलीला साखरपुड्याआधी सांगाच.