जाहिरातीत १०१०, टेपमध्ये ५८६

प्रश्न: डोंबिवली पूर्वेला २००८ सालच्या इमारतीतला दोन बेडरूमचा फ्लॅट आम्ही मूळ मालकाकडून घेत आहोत. संकेतस्थळावरच्या जाहिरातीत नुसतं '१०१० चौ. फूट' होतं. एजंटला व्हॉट्सअॅपवर विचारलं, तर उत्तर आलं, 'कार्पेटच आहे सर, बाल्कनी धरून.' ७,००० च्या दराने ७० लाख ७० हजार ठरले. दोन लाख टोकन दिलं, निम्मी दलालीही दिली, ३५ हजार. मग मालकाचा जुना करार हातात आला. त्यात कार्पेट ६००, बिल्ट-अप ७२०. मी स्वतः टेप लावली, तर ५८६ च भरले. बँकेच्या व्हॅल्युअरने घर ६३ लाखांचं धरलंय, त्यामुळे कर्जही कमी बसतंय. मालक म्हणतात, 'मी सेलेबल सांगितलं होतं, माघार घेतलीत तर टोकन विसरा.' महारेरात तक्रार करू का? करार पंधरा दिवसांवर आलाय. शिवाय पार्किंगचे चार लाख वेगळे मागतायत.

उत्तर: आधी टेप बाजूला ठेवा. तुमचे १४ चौरस फूट कुणी चोरलेले नाहीत. तुम्ही हॉल १५ फूट १० इंच बाय ९ फूट ११ इंच मोजलात, नकाशात तो १६ बाय १० आहे. नकाशा विटांच्या भिंतीपासून मोजतो, तुम्ही गिलाव्यापासून मोजलंत. एका हॉलमध्येच तीन फूट गेले. न्हाणीघरात गिलाव्यावर टाइल्स, म्हणजे आणखी इंचभर. दाराच्या चौकटीखालची जागा तर कुणीच मोजत नाही. सहाशे फुटांच्या घरात एवढी तूट मी रोज पाहते. त्यावरून भांडायला गेलात तर समोरचा हसेल आणि तुमचा खरा मुद्दाही त्या हसण्यात वाहून जाईल.

खरा मुद्दा ६०० आणि १०१० यांच्यामधला. तो आकडा कसा तयार झाला, हे तुमच्याच कागदांवरून दिसतं. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरता येणारी जागा, ६००. त्याला १.२ ने गुणलं की ७२०, हे बिल्ट-अप. यात भिंतींची जाडी वगैरे धरली जाते, आणि मुद्रांक शुल्काच्या मूल्यांकनातही जुन्या कार्पेटचं बांधीव क्षेत्र याच गुणकाने काढतात. ७२० वर चाळीस टक्के 'लोडिंग' चढवलं की १००८, तोंडी बोलताना १०१०. हेच मालकांचं 'सेलेबल'. या चाळीस टक्क्यांत जिना, लिफ्ट, लॉबी, पाण्याची टाकी, वॉचमनची खोली, सगळ्यांचा तुमच्या वाट्याचा तुकडा आला. तो चाळीस का आणि पंचवीस का नाही, याला कुठलाही नियम नाही. २००८ साली बिल्डरला जे झेपलं ते त्याने लावलं. सेलेबल, सुपर बिल्ट-अप ही कायद्याने व्याख्या केलेली मापं नाहीत, बाजारातली बोली आहे. तरीही सेकंड हँड घरांच्या व्यवहारात ती आजही राज्य करते, कारण दर फुटाला सात हजार ऐकायला बरं वाटतं. ७० लाख ७० हजारांना ६०० ने भागा, ११,७८३ येतात. घर तेच, भिंती त्याच.

मराठी वाचकाची आणखी एक पंचाईत आहे. सरकारी कागदावर कार्पेटला 'चटई क्षेत्र' म्हणतात आणि एफएसआयला 'चटई क्षेत्र निर्देशांक'. दोन्हींतली चटई वेगळी. पहिली तुमच्या घरात अंथरता येते. दुसरी म्हणजे भूखंडावर एकूण किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण. सोसायटीच्या नकाशात निर्देशांकासाठी धरलेलं क्षेत्र दिसलं, तर ते आपल्या घराचं कार्पेट समजू नका.

आता महारेरा, म्हणजे रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण. तिथे जाऊ नका, वेळ जाईल. रेराची तक्रार मुख्यतः नोंदणीकृत प्रकल्पाच्या प्रवर्तकाविरुद्ध, म्हणजे बिल्डरविरुद्ध, किंवा त्या प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटविरुद्ध असते. तुमचे मालक स्वतःचं राहतं घर विकतायत, इमारत रेरा येण्याच्या कितीतरी आधी पुरी झालेली. नव्या प्रकल्पात बिल्डरकडून घेतलं असतं तर गोष्ट वेगळी होती. तिथे नमुना करारानेच कार्पेट तीन टक्क्यांपेक्षा जास्त बदलता येत नाही, आणि तेवढ्यात कमी भरलं तर जादा घेतलेले पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत. जाहिरातीतल्या खोट्या विधानासाठी कलम १२ आहेच. हे संरक्षण मालकाकडून विकत घेणाऱ्याला नाही. ही कायद्यातली फट आहे असं माझं मत आहे. जुन्या घरांच्या खरेदीतही जाहिरातीत कार्पेट सक्तीचं व्हायला हवं.

रेराची व्याख्या मात्र तुमच्या कामाची आहे, कारण बँका, व्हॅल्युअर, उद्या तुमच्याकडून घेणारा, सगळे त्या भाषेत बोलतात. रेराच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. मालकाच्या जुन्या करारातल्या ६०० मध्ये ४० फुटांची बाल्कनी आहे. ती वगळून ५६०, त्यात आतल्या चार इंची भिंतींचे पंचवीसेक फूट मिळवले की रेराच्या मापाने हे घर ५८५ च्या आसपास आणि बाल्कनी वेगळी. म्हणजे '६०० कार्पेट' आणि '६०० रेरा कार्पेट' ही दोन घरं आहेत. शेजारच्या नव्या टॉवरच्या दराशी तुलना करताना हे विसरू नका.

मालकाचं 'सेलेबल सांगितलं होतं' हे वाक्य बाजारात चालतं, कारण नुसतं '१०१०' लिहिणं ही खोटी गोष्ट आहे असं न्यायालयाला पटवणं अवघड असतं. विशेषण गाळलेला आकडा संदिग्ध असतो, खोटा नव्हे. पण तुमच्याकडे एजंटचा मेसेज आहे: 'कार्पेटच आहे'. इथे विशेषण आलं, आणि ते चूक आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम १८ प्रमाणे हे चुकीचं निवेदन, आणि माहीत असून सांगितलं असेल तर कलम १७ प्रमाणे फसवणूक. कलम १९ ने अशी संमती रद्द करता येते. 'एजंट बोलला, मी नाही' असं मालक म्हणतील. त्याला उत्तर कलम २३८. मालकाच्या वतीने, त्या कामाच्या ओघात एजंटने केलेलं चुकीचं निवेदन मालकानेच केल्यासारखं धरतात. अडचण एवढीच की आपल्याकडे एकच एजंट दोन्ही बाजूंचा असतो आणि दोघांकडून दलाली घेतो. तो मालकाचा माणूस होता हे दाखवावं लागेल. जाहिरात त्याने मालकाच्या सांगण्यावरून टाकली, किल्ली त्याच्याकडे होती, टोकनची पावती त्याने मालकाच्या वतीने आणून दिली, अशा गोष्टींतून ते दिसतं.

आणि तुमची दुबळी बाजूही ऐकून घ्या. कलम १९ मध्येच अपवाद आहे: साध्या खबरदारीने खरी गोष्ट कळण्यासारखी होती, तर चुकीच्या निवेदनाचा फायदा मिळत नाही. तुम्ही घर दोनदा पाहिलंत. सहाशे आणि हजार फुटांतला फरक डोळ्यांना दिसतोच, असं समोरचा वकील म्हणेल, आणि न्यायाधीश स्वतः मुंबई-ठाण्यात राहणारे असतील तर मान डोलावतील. जाणूनबुजून केलेल्या खोट्याला हा अपवाद लागू नाही, असं आपण म्हणू शकतो, पण 'जाणूनबुजून' सिद्ध करणं तुमच्याकडे आलं. दोन लाखांसाठी कल्याणच्या दिवाणी न्यायालयात काही वर्षं घालवायची का, हा हिशेब तुम्हीच करा. माझ्याकडे आलात तर मी दावा दाखल करण्याआधी तुम्हाला चहा पाजून परत पाठवीन.

टोकन जप्तीची धमकी पोकळ नाही, पण जेवढी दाखवतात तेवढी भरीवही नाही. टोकन हे व्यवहार पार पाडण्याची हमी म्हणून दिलं असेल आणि खरेदीदाराने विनाकारण पाठ फिरवली, तर ते जप्त होऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितलं आहे. खरेदीदाराची चूकच नसेल, किंवा समोरच्याचं काही नुकसान झालं नसेल, तर करार कायद्याच्याच कलम ७४ खाली ते ठेवून घेणं टिकवणं जड जातं. म्हणून 'मला आता घर नको' असं चुकूनही लिहू नका. 'मेसेजमध्ये सांगितल्याप्रमाणे क्षेत्र असेल तर मी ठरल्या किंमतीला तयार आहे. नसेल तर प्रत्यक्ष क्षेत्राप्रमाणे किंमत ठरवू, नाहीतर टोकन परत करा' असं लिहा. माघार कोण घेतंय, हे कागदावर ठरतं. व्हॉट्सअॅपचं संभाषण पूर्ण जपा, फोन बदलू नका. न्यायालयात ते द्यायचं झालं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. स्क्रीनशॉटचा प्रिंट पुरत नाही.

माझा खरा सल्ला वाटाघाटीचा आहे, आणि त्यात तुमचं हत्यार कायदा नाही, व्हॅल्युअर आहे. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते. ७० लाख ७० हजारांवर ते ५६ लाख ५६ हजार झाले असते. ६३ लाखांवर ५० लाख ४० हजार. सहा लाख सोळा हजारांचा खड्डा. हा खड्डा फक्त तुमचा नाही. उद्या दुसरा गिऱ्हाईक आणला तरी त्याचीही बँक व्हॅल्युअर पाठवेल आणि तोही ६०० च्या आसपासचंच मोजेल. मालकांना हे शांतपणे सांगा. सात हजार गुणिले सहाशे म्हणजे ४२ लाख, असा हिशेब मात्र मांडू नका. तो दर सेलेबलचा होता हे तुम्हालाही आता माहीत आहे. त्याऐवजी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर तुमच्याच इमारतीतल्या गेल्या वर्षा-दोन वर्षांच्या विक्रीची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स-टू, काढा. त्यात मोबदला आणि क्षेत्र दोन्ही असतं. कार्पेटला फुटामागे किती पडले ते पाहा. व्हॅल्युअरच्या हिशेबाने १०,५०० पडतात. तीन-चार व्यवहारही त्याच दराच्या आसपासचे निघाले, तर ६३ ते ६५ च्या आत उतरणं अवघड नाही.

करार करायचा ठरला तर त्यात क्षेत्र मीटरमध्ये, विशेषणासह आणि बाल्कनी वेगळी काढून लिहून घ्या: 'चटई क्षेत्र ५५.७४ चौ. मी., पैकी बाल्कनी ३.७२ चौ. मी.' 'अंदाजे' हा शब्द खोडा. 'क्षेत्रफळाबाबत खरेदीदाराची कोणतीही तक्रार राहणार नाही' हे वाक्य तयार मसुद्यात हमखास असतं. तेही खोडा. आणि एजंटने 'एरिया १०१० लिहू, पुढे विकताना बरं पडतं' म्हटलं तर हात जोडा. माझ्या एका अशिलाने हट्टाने सेलेबलचा आकडा कार्पेट म्हणून करारात घातला. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरतक्त्याचं मूल्य यांतलं जे जास्त, त्यावर लागतं. तो फुगवलेला आकडा १.२ ने गुणला गेला आणि नसलेल्या फुटांवर त्यांनी खरा कर भरला.

बाल्कनीबद्दल एक. ती हॉलमध्ये घेतली असेल तर सोसायटीकडून मंजूर नकाशाची प्रत मागा, आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला, तोही त्याच वेळी पाहा. डोंबिवलीत ते न पाहता करार करणं मी कुणालाच सांगणार नाही.

एजंटला दिलेले ३५ हजार वेगळं प्रकरण आहे. त्याने सेवा दिली आणि त्या सेवेत चुकीची माहिती दिली. व्यवहार मोडला आणि दलाली परत देत नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे शुल्कही नाही. आधी लेखी मागणी करा. बरेच जण तेवढ्यावर अर्धे पैसे तरी परत करतात, कारण सोसायटीत पुन्हा घरं दाखवायची असतात.

राहिलं पार्किंग. बिल्डर मोकळी जागा किंवा इमारतीखालची स्टिल्टमधली जागा फ्लॅटसारखी स्वतंत्र विकू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात ठरवलं. जागा सोसायटीची, वाटप सोसायटीचं. तुमच्या मालकांकडे सोसायटीने दिलेलं वाटपपत्र आहे का, आणि घर विकल्यावर ते पार्किंग नव्या सभासदाकडे जातं की यादीतल्या पुढच्या माणसाकडे, हे सचिवांना लेखी विचारा. उत्तर हातात येईपर्यंत चार लाखांतला एक रुपयाही देऊ नका.