वाचकांचे प्रश्न : अभियांत्रिकीचे गणित

प्रश्न : मुलीने संगणक अभियांत्रिकीला प्रवेश घेतला आहे. लाप्लास रूपांतर तिला खरोखर लागेल का? – एक पालक, ऐरोली

उत्तर : विद्युत शाखेत ही गणिती पद्धत अटळ आहे, कारण तिच्यामुळे स्थिर सहगुणकांचे रेषीय अवकल समीकरण (बदलाचा दर असलेले एक प्रकारचे समीकरण) साध्या बीजगणितात उतरते. संगणक शाखेत मात्र मी मॅट्रिक्स (ओळी-स्तंभांत मांडलेले आकडे) आणि संभाव्यता यांना अग्रक्रम देईन. डिजिटल छायाचित्र म्हणजे पिक्सेलच्या आकड्यांची मॅट्रिक्सच असते, आणि मशीन लर्निंगमध्ये (संगणकाला उदाहरणांवरून शिकवण्यात) चूक कमी करण्याची दिशा आंशिक अवकलनातून, म्हणजे एका वेळी एकच घटक बदलून काढलेल्या बदलाच्या दरातून, मिळते. तरीही, फ्रेंच गणितज्ञ फूरिये यांनी उष्णतेच्या वहनासाठी १८२२ साली ग्रंथरूपाने मांडलेली, लाप्लास रूपांतराशी नाते असलेली पद्धत आज ध्वनीच्या विश्लेषणातही वापरली जाते, तेव्हा लाप्लास रूपांतरावर ‘निरुपयोगी’ हा शिक्का घाईने मारू नये. बारावीचे इंटिग्रेशन कच्चे असल्यास (बहुतेकांचे असतेच) पहिले सत्र सुरू होण्यापूर्वी ते पक्के करून घ्यावे.