धाबं, कौलं आणि बाज

प्रश्न : बायबलातली मत्तय, मार्क, लूक यांची शुभवर्तमानं (येशूच्या चरित्राची पुस्तकं) वाचताना तेच ते पुन्हा वाचतेय असं वाटतं. चौथं शुभवर्तमान लिहिणारा योहान मात्र वेगळ्याच वाटेनं जातो. तिघांनी एकमेकांचं पाहून लिहिलं का? मग चौथ्याचं काय?
— एक वाचक भगिनी, ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : ताई, होय, पाहून लिहिलं. असं म्हटलं की आमच्या मंडळीत काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. पण लूक तर पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो की आपल्याआधी पुष्कळांनी या कामाला हात घातलाय.

माझी नोकरी कचेरीत जमिनीच्या कागदांच्या नकला उतरवण्यात गेली. दोन कागदांत मजकूर जुळला तर नवल नाही, शेत एकच असतं. पण एकात वाक्य जिथं अडखळलं, नेमकं तिथंच दुसऱ्यातही अडखळलं, की समजायचं, एक समोर ठेवून दुसरा उतरवलाय.

कफर्णहूम गावचा पक्षाघाती (अंग लुळं पडलेला माणूस) घ्या. येशू म्हणतो, मनुष्याच्या पुत्राला पृथ्वीवर पापांची क्षमा करायचा अधिकार आहे हे तुम्हाला समजावं म्हणून... आणि बोलणं तुटतं. मध्येच लिहिणारा घुसतो, ‘तो पक्षाघाती माणसाला म्हणाला’, आणि मग ‘ऊठ’. मार्क 2:10 (म्हणजे अध्याय 2, वचन 10), मत्तय 9:6, लूक 5:24 काढून पाहा. तिन्हीकडे एकाच जागी तुटलंय.

मार्कात दाराशी गर्दी, म्हणून त्या माणसाला वरून येशूपुढं खाली सोडायला छप्पर उकरतात. तुमच्याकडचं धाब्याचं घर आठवा, माती उकरल्याशिवाय वाट होणार कशी? लूक मात्र कौलांतून उतरवतो. त्याच्या वाचकांच्या गावात कौलारू घरं असावीत, हा माझा कयास. मत्तयानं तर छपराचा विषयच काढला नाही, पाल्हाळ त्याला खपत नाही.

बहुतेक अभ्यासक मार्क आधीचा मानतात. त्यातला बराचसा मजकूर मत्तयात सापडतो. मत्तय आणि लूक दोघांत आहे पण मार्कात नाही, अशी सुमारे 200 वचनं उरतात. ती एका हरवलेल्या संग्रहातून आली असं धरून त्याला ‘क्यू’ म्हणतात. जर्मन ‘क्वेले’, म्हणजे उगम. तो कागद आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही. लूकनं सरळ मत्तयच पाहिला, असं म्हणणारेही आहेत.

आता योहान. हा पक्षाघाती त्याच्याकडे नाही. पण यरुशलेमेत तळ्याकाठी 38 वर्षं आजारी असलेल्या माणसाला येशू म्हणतो, ऊठ, बाज उचल आणि चालू लाग. जवळजवळ मार्कचेच शब्द! ग्रीकमध्ये दोघांनी ‘क्राबात्तोस’ हा गावठी शब्द ठेवलाय. त्या जागी मत्तय-लूक यांनी जरा बरा शब्द घातला. आपण ‘बाज’ खोडून ‘पलंग’ लिहावं, तसं. योहानानं मार्क वाचला होता की तीच सांगी कानावर आली होती, यावर अजून वाद आहे. मला दुसरं पटतं. मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकलणं तिघे शेवटच्या आठवड्यात सांगतात, योहान मात्र सुरुवातीलाच, अध्याय 2 मध्ये. त्याच्याकडे येशूच्या शेवटच्या भोजनात भाकर-प्याल्याच्या विधीची स्थापना नाही, शिष्यांचे पाय धुणं आहे. समोर कागद असता तर इतकी मोडतोड कोण करेल?

1776 मध्ये ग्रीसबाख या जर्मन पंडितानं तिघांचा मजकूर शेजारी-शेजारी रकान्यांत छापला. तुम्हीही वहीत तीन रकाने आखा. येशूनं पाच हजारांना जेवू घातलं, ती गोष्ट चौघांकडेही आहे, तिला मात्र चौथा रकाना लागेल. भाकरी जवाच्या होत्या, हे एकट्या योहानानंच लिहिलंय.