एक गर्भनळी काढल्यावर पुन्हा दिवस राहतील का?

"गर्भ नळीतच वाढला, नळी फुटली, काढावी लागली. म्हणजे माझी निम्मी आशा गेलीच ना?" ऑपरेशननंतर महिनाभराने आलेल्या एका तरुणीचा हा प्रश्न. माझ्याकडे तो वरचेवर येतो. तिला आणखी एक गोष्ट सलत होती. जावेच्या बहिणीचं इंजेक्शनवर भागलं, नळी वाचली. "यांनीच ऑपरेशनच्या सहीची घाई केली," म्हणताना ती नवऱ्याकडे बघतही नव्हती.

म्हणून आधी सहीचंच बोललो. डिस्चार्ज कार्ड तिघांनी ओळीओळीने वाचलं. पोटात रक्त साचलेलं, बीपी उतरलेलं, दोन पिशव्या रक्त चढवलेलं. मेथोट्रेक्सेटचं, म्हणजे गर्भाची वाढ थांबवणारं इंजेक्शन नळी फुटलेली नसेल, बीटा एचसीजी (गर्भारपणात रक्तात वाढणारं हार्मोन) फार वाढलेलं नसेल आणि तब्येत स्थिर असेल तरच देतात. त्या रात्री तो मार्ग नव्हताच.

"सही केली नसती तर?" तिने विचारलं.

"तू राहिली नसतीस," नवराच म्हणाला. मग ती रडली. घरात सगळे नळीबद्दलच बोलत होते. गेलेल्या बाळाचं नाव कोणी काढलं नव्हतं. त्या दिवशी मी आकडे सांगितलेच नाहीत.

ते पुढच्या भेटीत सांगितले. दुसरी नळी चांगली असलेल्या 446 स्त्रियांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत आपसूक दिवस राहून गर्भ टिकण्याचं प्रमाण नळी वाचवलेल्यांत सुमारे 61 टक्के, काढलेल्यांत 56. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. फ्रान्समधल्या 2013 च्या अभ्यासातही इंजेक्शन आणि नळी वाचवणारी शस्त्रक्रिया यांत पुढे दिवस राहण्याच्या बाबतीत ठळक फरक दिसला नाही. निम्मी आशा जात नाही ती यामुळे: दोन्ही अंडाशयं जागेवर असतात आणि उरलेली नळी पलीकडचं बीजही उचलू शकते. माझ्या मते उपचार कोणता झाला यापेक्षा उरलेली नळी कशी आहे, वय किती, आधी दिवस राहायला त्रास होता का, हे विचारावं. हिच्या कार्डावर 'डावी नळी निरोगी' असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

गर्भ पुन्हा नळीत राहण्याचा धोका साधारण दहा टक्के असतो, तो मी लपवला नाही. पाळी चुकताच टेस्ट करायची, सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच असल्याची खात्री करायची. एका बाजूला पोटात दुखलं, चक्कर आली, खांदा दुखू लागला, तर सोनोग्राफीच्या तारखेची वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा.