जुन्या सीएनसी मिलिंगला नवीन पॅनल बनवतोय, इमर्जन्सी स्टॉप नुसता कंट्रोलरच्या इनपुटला दिला तर चालेल का?

नाही, नुसत्या इनपुटवर भागवू नका, बटण दाबलं की सर्व्हो ड्राइव्हचा (टेबल हलवणाऱ्या मोटरा चालवणारं युनिट) पॉवर कॉन्टॅक्टर (पॉवर जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा स्विच) थेट वायरिंगमधूनच सुटून पॉवर तुटली पाहिजे. मी पॅनल वायरिंगचंच काम करतो, जुन्या मशीनवर पीसी लावून कंट्रोल करतात तेव्हा सॉफ्टवेअर हँग झालं की इनपुट वाचायला कोणी जागंच नसतं आणि टेबल आपलं चालत राहतं. म्हणून बटणाचे दोन एनसी कॉन्टॅक्ट (एरवी जोडलेले, दाबल्यावर तुटणारे) सेफ्टी रिलेला द्या, म्हणजे इमर्जन्सी स्टॉपवर नजर ठेवून पॉवर तोडणाऱ्या खास रिलेला (एनसी अशासाठी की वायर तुटली तरी मशीन थांबतं), रिलेच्या आउटपुटवर सिरीजमध्ये दोन कॉन्टॅक्टर घ्या, त्यांचे एनसी ऑक्झिलरी (सोबतचे छोटे कॉन्टॅक्ट) सेफ्टी रिलेच्या रिसेटच्या लूपमध्ये टाका म्हणजे एखादा चिकटला तर मशीन परत चालूच होणार नाही, आणि रिलेचा जादाचा एक कॉन्टॅक्ट कंट्रोलरला, निव्वळ माहितीसाठी. कंट्रोलर आणि एन्कोडरचे (टेबलची जागा मोजणारा सेन्सर) सप्लाय तोडू नका हां, नाहीतर दरवेळी होमिंग, म्हणजे मशीनला शून्य जागा परत शोधून देणं, करत बसाल. फक्त स्पिंडलच्या व्हीएफडीला (कटर फिरवणाऱ्या मोटरचा स्पीड ठरवणारा ड्राइव्ह) लगेच पॉवर तोडायचा नियम लावू नका, त्याची पॉवर झटक्यात काढली तर ब्रेकिंग होत नाही आणि कटर बराच वेळ फिरत राहतो, तिथे आधी ब्रेकिंग रेझिस्टरवर (थांबताना मोटरची ऊर्जा उष्णतेत जिरवणारा रेझिस्टर) थांबवून मग टायमरवाल्या सेफ्टी रिलेने पॉवर काढायची, मशीनच्या इलेक्ट्रिकल सुरक्षेच्या आयईसी ६०२०४-१ या स्टँडर्डमध्ये यालाच स्टॉप कॅटेगरी १ म्हणतात.